नैसर्गिक वायूतील पारा : एका शुद्धीकरणाचा इतिहास



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी रसायनशास्त्राची बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून स्मृतिव्याख्यान देण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ही व्याख्यानमाला ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ चालते, ते विज्ञान मराठीतून शिकवीत. तो त्यांचा हट्ट नव्हता, बडोद्याची ती परंपराच होती. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या परिश्रमाने १८९० साली येथे कलाभवन उभे राहिले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम यांसारखे विषय देशी भाषांतून शिकविता येतात, असा विश्वास त्या संस्थेने दिला. त्या परंपरेला स्मरून आज एक तांत्रिक विषय आपल्यापुढे शक्य तितक्या सोप्या मराठीत मांडावा, असे मी ठरविले.

विषय आहे नैसर्गिक वायूतून पारा काढून टाकण्याचा. काहींना तो अगदी आडबाजूचा वाटेल. परंतु आपल्या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी कोयलीच्या रिफायनरीत, पेट्रोरसायनांच्या कारखान्यांत, हजिरा आणि दहेज येथील वायुप्रकल्पांत आयुष्यभर राबले आहेत. खंबायतजवळ लुणेज येथे १९५८ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल व वायू सापडले. तेव्हापासून या भूभागाचे भाग्य भूगर्भातील वायूशी जोडले गेले. वायूचा इतिहास म्हणजे केवळ विहिरींचा आणि नळांचा इतिहास नव्हे. त्या वायूबरोबर जे नको असलेले येते, ते ओळखण्याचा आणि दूर करण्याचाही तो इतिहास आहे. पाऱ्याचे प्रकरण हे त्यातील सर्वांत बोधप्रद प्रकरण होय, असे माझे मत आहे.

अल्प म्हणजे किती?

जमिनीतून निघणारा वायू कधीच शुद्ध मिथेन नसतो. त्यात पाण्याची वाफ असते, कर्बद्विप्राणिद वायू असतो, कुजक्या अंड्यांचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि अनेक ठिकाणी अत्यल्प प्रमाणात पाऱ्याची वाफही असते. दगडी कोळशाचे थर, ज्वालामुखीजन्य खडक आणि खोल भूगर्भातील उष्णता यांच्याशी भूशास्त्रज्ञ त्या पाऱ्याचा संबंध जोडतात. नेदरलँड्स व उत्तर जर्मनीतील वायुक्षेत्रे, इंडोनेशियातील अरुण क्षेत्र आणि थायलंडचे आखात ही यासाठी प्रसिद्ध झालेली स्थळे आहेत. मात्र कोणत्या विहिरीच्या वायूत किती पारा असेल, हे शेजारच्या विहिरीवरून सांगता येत नाही. ते मोजूनच पाहावे लागते.

अत्यल्प या शब्दाने फसून जाऊ नये. एक हिशेब करून पाहू. समजा, एका घनमीटर वायूत १०० मायक्रोग्रॅम पारा आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हा पारा डोळ्यांना दिसणार नाही, त्याला वास नाही, चव नाही. परंतु दिवसाला एक कोटी घनमीटर वायू घेणाऱ्या प्रकल्पात या दराने रोज एक किलो पारा शिरतो. वर्षाला ३६५ किलो झाले. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्याने हे सारे जेमतेम २७ लिटरांत मावेल. दोन बादल्या भरतील एवढा पारा, कोणीही न बोलावता, दरवर्षी कारखान्याच्या नळ्यांतून आणि टाक्यांतून वावरत असतो. तो कोठे तरी साठणारच.

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. माणूस वायू जाळीत आला, दिवे लावीत आला, भट्ट्या पेटवीत आला. मग या पाऱ्याची दखल १९७३ पर्यंत कोणी फारशी का घेतली नाही? याचे उत्तर मिळविण्यासाठी आपल्याला थोडे मागे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जावे लागेल.

थंडीचा धडा

वायूची वाहतूक नळातून करता येते; परंतु समुद्र ओलांडायचा असेल तर त्याला थंड करून त्याचा द्रव करावा लागतो. मिथेन सुमारे उणे १६२ अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. ही कल्पना आकर्षक होती. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात द्रवरूप वायू साठविण्याचा एक प्रकल्प उभारला गेला. २० ऑक्टोबर १९४४ रोजी तेथील एक टाकी फुटली. द्रव वायू रस्त्यांवर आणि गटारांत पसरला, त्याने पेट घेतला, आणि सुमारे १३० माणसे प्राणास मुकली. टाकीच्या पोलादात निकेलचे प्रमाण कमी होते, आणि एवढ्या थंडीत असे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते, असा निष्कर्ष पुढे सर्वत्र स्वीकारला गेला. अमेरिकेत या उद्योगाची वाटचाल त्यानंतर पुष्कळ वर्षे थंडावली.

या दुर्घटनेने अभियंत्यांना एक धडा पक्का शिकविला. अतिशीत तापमानासाठी धातू निवडताना तो थंडीत चिवट राहतो की नाही, हे आधी पाहावे. अॅल्युमिनियम या कसोटीला उत्तम उतरते. त्याची स्फटिकरचनाच अशी आहे की थंडीने ते ठिसूळ होत नाही. शिवाय ते वजनाला हलके आणि उष्णतेचे उत्तम वाहक आहे. १९५९ साली ‘मिथेन पायोनियर’ या जहाजाने द्रवरूप वायूची पहिली सागरी खेप अमेरिकेतील लेक चार्ल्सहून इंग्लंडमधील कॅन्व्ही बेटावर नेली. त्या जहाजाच्या टाक्या अॅल्युमिनियमच्या होत्या. १९६४ साली अल्जीरियातील आर्झ्यू येथून ब्रिटनला नियमित निर्यात सुरू झाली. वायू थंड करणाऱ्या यंत्रांत, म्हणजे ज्यांना कारखान्यात सारेजण ‘एक्स्चेंजर’ म्हणतात त्या उष्णता विनिमयकांत, अॅल्युमिनियमचे स्थान कायम झाले.

अशा रीतीने एका व्याधीवर औषध सापडले. पण औषधालाही त्याचे कुपथ्य असते, आणि ते काय हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नव्हते. साधी चूल किंवा बॉयलर यांच्या लोखंडाला पाऱ्याचा विशेष उपद्रव होत नाही, कारण लोखंड आणि पारा यांचे सहसा जमत नाही. म्हणून तर पारा पूर्वापार लोखंडी बाटल्यांत भरून विकला जाई. अॅल्युमिनियमची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. पारा वायूत पूर्वीही होता. नवे आले ते अॅल्युमिनियम. पाऱ्याकडे लक्ष जाण्यास जो विलंब झाला, त्याचे मूळ कारण मला येथे दिसते.

स्किकदा, १९७३

अल्जीरियाच्या ईशान्य किनाऱ्यावर स्किकदा नावाचे बंदर आहे. तेथील वायुद्रवीकरण प्रकल्प सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच १९७३ साली त्यातील अॅल्युमिनियमच्या उष्णता विनिमयकांत मोठा बिघाड झाला. तपासात पारा आढळला. प्रथम संशय आला तो प्रकल्पातील मोजमापाच्या उपकरणांवर. दाब मोजणाऱ्या उपकरणांत त्या काळी पारा सर्रास असे; एखादे फुटले असेल आणि त्यातील पारा आत गेला असेल, असा तर्क करणे स्वाभाविक होते. परंतु हिशेब जुळेना. शेवटी ध्यानात आले की, पारा बाहेरून सांडलेला नव्हता. तो वायूबरोबरच आला होता.

इतिहासाच्या अभ्यासकाने या क्षणी थांबले पाहिजे. अपघाताचे कारण शोधताना माणूस आधी आपल्या हाताळणीत दोष पाहतो आणि कच्चा माल निर्दोष धरतो. स्किकदाने ही समजूत उलटी केली. त्यानंतर नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या विशाल वायुक्षेत्राकडे नव्या नजरेने पाहिले गेले. तेथील वायू गोळा करणाऱ्या नळांतही क्षरण आढळले होते आणि त्याचे खापर आधी कर्बद्विप्राणिद वायूवर फोडले गेले होते. पुढील अभ्यासाने बोट पाऱ्याकडे वळले. तेथे पाऱ्याचे प्रमाण घनमीटरला ०.००१ मायक्रोग्रॅमपासून थेट १८० मायक्रोग्रॅमपर्यंत आढळल्याची नोंद आहे. म्हणजे न्यूनतम आणि महत्तम यांत एक लाख ऐंशी हजार पटींचे अंतर! १९५९ साली सापडलेल्या या क्षेत्रातील उत्पादन भूकंपाच्या धक्क्यांमुळे १ ऑक्टोबर २०२३ रोजी थांबविण्यात आले. परंतु पाऱ्याच्या इतिहासात त्याचे नाव कायम राहील.

पारा धातूचे काय करतो?

आता यामागील शास्त्र थोडक्यात पाहू. अॅल्युमिनियमचे भांडे हवेत गंजून जात नाही, याचे कारण त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा एक पातळ, घट्ट थर असतो. हे त्या धातूचे चिलखत होय. या चिलखतात कोठे चीर पडली आणि तेथे पाऱ्याचा थेंब पोहोचला, तर पारा व अॅल्युमिनियम यांचा पारदमेल होतो. पाऱ्याने भिजलेल्या जागेवर नवे चिलखत टिकून धरत नाही. ओलावा असेल तर अॅल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड होऊन पांढरी, लोकरीसारखी भुकटी वर येते, आणि पारा मोकळा होऊन पुढच्या धातूला भिडतो. पारा स्वतः खर्च होत नाही. एका थेंबाने किती धातू खावा, याला मर्यादा राहत नाही. विमानात पारा नेण्यावर जे कडक निर्बंध आहेत, ते याच कारणासाठी. सराफांना ही जात निराळ्या वाटेने परिचित आहे. सोन्याच्या दागिन्याला पारा लागला की तो पांढरा पडतो, आणि अशा दागिन्याला सराफ सहजासहजी हात लावीत नाही.

दुसरा प्रकार याहून घातक आहे, आणि त्याला ओलाव्याचीही गरज लागत नाही. धातू असंख्य कणांचा बनलेला असतो. ताणाखाली असलेल्या अॅल्युमिनियमच्या कणाकणांमधील सीमांतून द्रव पारा आत झिरपतो, आणि वरून धडधाकट दिसणारा धातू एकाएकी तडकतो. धातुशास्त्रात याला द्रवधातुजन्य ठिसूळपणा म्हणतात. नळ जेथे जोडलेले असतात, जोडकाम केलेले असते, ताण एकवटलेला असतो, अशा जागा त्याला विशेष बळी पडतात. पहिल्या प्रकारात धातू झिजतो, आणि झीज निदान मोजता येते. दुसऱ्या प्रकारात धातू फुटतो, आणि तडा पूर्वसूचना देत नाही.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. पारा उणे ३८.८ अंशांना गोठतो. म्हणजे वायू थंड करणाऱ्या पेटीत, उणे शंभर अंशांच्या खाली, पारा दगडासारखा घट्ट असतो आणि कोणालाही त्रास देत नाही. प्रकल्प अखंड चालू आहे तोवर तो थरावर थर साठत जातो. मग केव्हातरी दुरुस्तीसाठी ‘शटडाउन’ होतो, पेटी हळूहळू गरम होते, पारा वितळतो, ओघळतो, आणि सर्वांत खालच्या सांध्यात जाऊन बसतो. अशा रीतीने संकट साठते ते काम जोरात चालू असताना, आणि उभे राहते ते यंत्र विश्रांती घेत असताना. ज्यांनी कारखान्यात रात्रपाळ्या केल्या आहेत, त्यांना याचा अर्थ अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

मोजल्यावाचून शोध नाही

पारा वायूत असतो हे कळण्यासाठी तो आधी मोजता यायला हवा होता. या बाबतीत एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे ऋण मानले पाहिजे. आल्फ्रेड श्टोक हे बोरॉन व सिलिकॉन यांच्या हायड्राइडांवरील संशोधनासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचे पंप आणि पाऱ्याच्या झडपा सतत वापरात असत. वर्षानुवर्षे त्यांना डोकेदुखी, भोवळ आणि विस्मरण यांनी ग्रासले. कारण समजत नव्हते. अखेर १९२४ च्या सुमारास उलगडा झाला की, बंद खोलीतील पाऱ्याच्या वाफेने हा घात केला आहे. १९२६ साली त्यांनी पाऱ्याच्या वाफेचे धोके सांगणारा लेख प्रसिद्ध केला, आणि पुढे पाऱ्याचे सूक्ष्म प्रमाण मोजण्याच्या पद्धती सुधारण्यात पुष्कळ शक्ती वेचली. ज्या विषाने आपली स्मृती नासवली, त्याचेच माप घेण्यात या माणसाने आयुष्याचा मोठा भाग घालविला.

पुढे १९५५ साली अॅलन वॉल्श यांनी अणुशोषण वर्णपटमितीचा पाया घातला, आणि १९६८ साली हॅच व ऑट यांनी शीतवाष्प पद्धत वर्णन केली. पाऱ्याची वाफ २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषून घेते; त्या शोषणावरून पाऱ्याचे प्रमाण ठरविता येते. पाऱ्याची सोन्यावरील आसक्ती येथे उपयोगी पडली. वायू सोन्याच्या सूक्ष्म पृष्ठावरून न्यायचा, पारा तेथे अडकवायचा, मग सोने तापवून तो मोकळा करून मोजायचा. तारखा ध्यानात घ्या. १९६८ मध्ये साधन हाती आले, आणि १९७३ मध्ये त्याची निकड भासली. साधन आणि प्रश्न यांची गाठ अशी वेळेवर पडणे, हे विज्ञानाच्या इतिहासात नेहमीच घडते असे नाही.

गंधकाचा उपाय

मोजता आले, आता काढायचे कसे? आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत वायुभारमापकाची नळी फुटली की गुरुजी मुलांना दूर उभे करीत आणि फटींतून पळणाऱ्या पाऱ्याच्या गोळ्यांवर गंधकाची पूड टाकीत. त्यामागील कारण एका ओळीत सांगता येते : पारा आणि गंधक यांचा संयोग होऊन मर्क्युरिक सल्फाइड तयार होते, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हवेत सहज उडत नाही. उद्योगाने जो उपाय पत्करला, तो तत्त्वतः हाच होता.

पाऱ्याची आणि गंधकाची ही मैत्री भारतीय रसशास्त्राला शतकानुशतके ठाऊक होती. खलात पारा आणि गंधक घोटून तयार होणारी काळी कज्जली आपल्या वैद्यांच्या नित्य परिचयाची. खाणीतून निघणारा तांबडा हिंगूळ हे पाऱ्याचे आणि गंधकाचेच नैसर्गिक रूप. आणि हिंगुळापासून ऊर्ध्वपातनाने पारा मिळविण्याची कृती रसग्रंथांत वर्णिलेली आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ साली दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या परंपरेची साक्षेपी मांडणी केली. स्वतः राय यांनी १८९६ साली मर्क्युरस नायट्राइटचा शोध प्रसिद्ध केला होता. यावरून आपल्या पूर्वजांना वायुशुद्धीचे तंत्र अवगत होते, असा दावा मी करणार नाही. तसा दावा करणे राय यांच्याच चिकित्सक वृत्तीशी द्रोह ठरेल. मला एवढेच सांगावयाचे आहे की, निसर्गनियम एकच असतो. तो वैद्याच्या खलातही चालतो आणि अभियंत्याच्या टाकीतही चालतो.

प्रथम रूढ झाला तो गंधकयुक्त सक्रियित कोळसा. कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत गंधक बसवायचा आणि उंच टाकीत त्याचे कण भरून त्यांतून वायू सोडायचा. पारा गंधकाशी बांधला जातो आणि वायू पुढे निघून जातो. या पद्धतीची मर्यादा अशी की, वायूत ओलावा किंवा जड हायड्रोकार्बने असतील तर कोळशाची छिद्रे भरून जातात. शिवाय थोडा गंधक वायूबरोबर निसटतो. म्हणून ही टाकी वायू कोरडा झाल्यानंतरच बसवावी लागे, आणि तोवर मधल्या साऱ्या यंत्रसामग्रीला पाऱ्याचा स्पर्श होऊन गेलेला असे.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात धातूंच्या सल्फाइडांवर आधारलेले अधिशोषक पुढे आले. त्यांत गंधक तांब्यासारख्या धातूशी आधीच बांधलेला असतो, म्हणून तो निसटत नाही. ताम्र सल्फाइड आपल्यातील काही गंधक पाऱ्याला देते आणि स्वतः कमी गंधकाच्या रूपात उरते. हे कण ओलसर वायूतही काम करतात, त्यामुळे टाकी प्रकल्पाच्या प्रवेशद्वाराशीच ठेवता येते. तिसरा मार्ग चांदीचा. ओलावा शोषणाऱ्या रेणवीय चाळणीच्या कणांवर चांदीचा लेप देतात. चांदी पाऱ्याशी पारदमेल करते, आणि चाळणी तापविली की पारा पुन्हा वाफ होऊन निघून येतो. येथे टाकी बदलावी लागत नाही, परंतु बाहेर आलेल्या पाऱ्याची सोय मात्र लावावी लागते.

या सर्वांचे उद्दिष्ट काय? अॅल्युमिनियमच्या यंत्रात जाणाऱ्या वायूत पारा घनमीटरला ०.०१ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावा, हा दंडक उद्योगात रूढ आहे. आपल्या मघाच्या उदाहरणात १०० मायक्रोग्रॅम पारा होता. म्हणजे दहा हजार भागांतील एकच भाग उरू द्यायचा. वर्षाला ३६५ किलोंच्या जागी साधारण साडेछत्तीस ग्रॅम. दोन बादल्यांच्या जागी चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाही, इतका.

जानेवारी २००४

असे ज्ञान उपलब्ध झाल्यावर प्रकरण मिटले असे कोणासही वाटेल. परंतु दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातील मूंबा येथील वायुप्रकल्पात १ जानेवारी २००४ च्या पहाटे स्फोट झाला. एका उष्णता विनिमयकाशी जोडलेला नळ तडकला होता, आणि त्याचे कारण पाऱ्याने आणलेला ठिसूळपणा हे होते. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. मात्र दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांच्या वायुपुरवठ्यावर मोठा परिणाम झाला. स्किकदाला तीस वर्षे उलटून गेली होती.

त्याच महिन्यात, १९ जानेवारीला, स्किकदा येथेच भीषण स्फोट होऊन २७ माणसे मृत्युमुखी पडली. येथे एक खुलासा आवश्यक आहे. त्या स्फोटाचा पाऱ्याशी संबंध नव्हता; गळालेला वायू बॉयलरमध्ये ओढला जाऊन तो घडला. नावाच्या साम्यामुळे या दोन घटनांची गल्लत होऊ नये, म्हणून हे मुद्दाम सांगितले. आणि योगायोग असा की, त्याच जानेवारीच्या अखेरीस कतारहून द्रवरूप वायूचे पहिले जहाज आपल्या दहेजच्या धक्क्याला लागले, आणि भारताच्या ऊर्जेच्या इतिहासात नवे पान उघडले.

दहेजला येणाऱ्या वायूत पाऱ्याची धास्ती सहसा का बाळगावी लागत नाही? कारण द्रवीकरणापूर्वीच, म्हणजे निर्यात करणाऱ्या देशातच, तो काढून टाकावा लागतो. अन्यथा त्यांचीच यंत्रे फुटतील. आपल्या शेगडीतील निळी ज्योत स्वच्छ आहे, ती दूर कोठे तरी कोणी टाकीत अधिशोषक भरले म्हणून. हे श्रेय आपल्याला दिसत नाही. तसेच त्यातून उरलेला कचराही आपल्याला दिसत नाही.

काढलेला पारा कोठे जातो?

मित्रहो, माझ्या व्याख्यानाचा खरा प्रश्न हा आहे. शुद्धीकरण या शब्दात एक सोयीस्कर भ्रम दडलेला आहे. वायूतून पारा काढला म्हणजे तो नाहीसा झाला, असे होत नाही. पारा हे मूलद्रव्य आहे. ते जळत नाही, कुजत नाही, कालांतराने निवत नाही. वायूतील पारा टाकीत येतो, टाकीतील कणांत साठतो, आणि काही वर्षांनी ते कण बाहेर काढावे लागतात. काही पारा वायूबरोबर निघणाऱ्या द्रव हायड्रोकार्बनांत जातो, काही पाण्यात, काही तळाच्या गाळात, आणि काही पोलादी नळांच्या आतील पापुद्र्यांत दडून बसतो. अशा नळावर पुढे कधी कापण्या-जोडण्याची ज्योत चालविली, तर पाऱ्याची वाफ थेट कामगाराच्या श्वासात जाते. टाकी उघडणारा, आत उतरणारा, गाळ उपसणारा हा बहुधा कंत्राटी मजूर असतो. श्टोक यांना जे कळायला अनेक वर्षे लागली, ते त्याला कोणी समजावून सांगितलेले असते काय?

जपानमध्ये मिनामाता येथे १९५६ साली एका विलक्षण आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा मासळीतून माणसांच्या पोटात गेला होता, आणि आईच्या उदरातील बालकेही त्यातून सुटली नाहीत. त्या गावाचे नाव धारण करणारा पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली संमत झाला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. भारताने २०१४ साली त्यावर सही केली आणि २०१८ साली त्याला अनुसमर्थन दिले. पाऱ्याचा कचरा सुरक्षितपणे हाताळण्याचे बंधन हा करार घालतो. परंतु हवेत पारा सोडणाऱ्या ज्या उद्योगांची यादी त्यात आहे, तीत कोळशाची वीजकेंद्रे, कोळशावरील औद्योगिक बॉयलर, धातू गाळणाऱ्या भट्ट्या, कचरा जाळणारे प्रकल्प आणि सिमेंटचे कारखाने आहेत. नैसर्गिक वायूचा उद्योग नाही. म्हणून तेथे कायद्याइतकाच, किंबहुना कायद्याहून अधिक, भार काम करणाऱ्यांच्या सदसद्विवेकावर येतो.

युरोपीय संघाने २०१७ च्या आपल्या नियमानुसार असे ठरविले की, पाऱ्याचा कचरा कायमचा पुरण्यापूर्वी त्याचे सल्फाइडात रूपांतर केले पाहिजे. म्हणजे पुन्हा गंधकच! ज्या स्पेनमधील अल्मादेनच्या आणि स्लोव्हेनियातील इद्रियाच्या खाणींनी शतकानुशतके हिंगूळ उपसून जगाला पारा पुरविला, त्या आता बंद आहेत आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आणि माणूस आता पाऱ्याला पुन्हा गंधकात बांधून जमिनीच्या पोटात परत ठेवू पाहत आहे. निसर्गाने जी वस्तू ज्या रूपात झाकून ठेवली होती, तेच रूप तिच्यासाठी सर्वांत सुरक्षित होते, हे आपल्याला फार मोठ्या फेऱ्याने कळले.

समारोप

या इतिहासातून मला तीन गोष्टी हाती लागतात. पहिली ही की, प्रत्येक नवे साधन आपल्याबरोबर नवा शत्रू आणते. क्लीव्हलँडच्या थंडीवर अॅल्युमिनियम हा उपाय ठरला, आणि त्या उपायामुळेच पारा धोकादायक झाला. दुसरी ही की, ज्ञान छापले गेले म्हणजे ते सर्वत्र पोहोचले असे होत नाही. स्किकदा आणि मूंबा यांत तीस वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्या काळात अभियंत्यांची एक अख्खी पिढी बदलते. प्रत्येक पिढीला तोच धडा नव्याने, आणि शक्यतो अपघातावाचून, शिकवावा लागतो. ते काम शाळांचे आणि महाविद्यालयांचे आहे. तिसरी ही की, घाण दूर करणे आणि घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे, यांतील भेद ओळखल्याशिवाय शुद्धीकरण पूर्ण होत नाही.

येथे बसलेल्यांपैकी जे आज वायूच्या आणि तेलाच्या उद्योगात अधिकारपदावर आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या प्रकल्पात येणाऱ्या वायूत पारा किती, याचा आकडा तुमच्यापाशी असेल. वापरून झालेले अधिशोषक शेवटी कोठे गेले, आणि ती टाकी ज्यांनी उघडली त्या माणसांच्या रक्त-लघवीची तपासणी झाली का, याचाही आकडा तितक्याच तत्परतेने आपल्या टेबलावर असू द्या. पहिल्या आकड्याने यंत्र वाचते, दुसऱ्याने माणूस.